उंटाची लोकर की अल्पाकाची?

परभणीत पारा ८-९ वर उतरला की घोंगडी निघते. ऊब भरपूर, पण मानेला टोचते ती टोचतेच. मऊ शाल हवी असेल तर दोन नावं कानावर येतात: उंट आणि अल्पाका. दोघं एकाच कुळातले, फक्त अल्पाकाला वशिंड नाही.

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडं दिसणारा एका वशिंडाचा उंट इथं फारसा कामाचा नाही. त्याचे केस राठ, राजस्थानात त्यांच्या दोऱ्या आणि सतरंज्या होतात. शालीची लोकर मंगोलिया-चीनमधल्या दोन वशिंडांच्या उंटाची. तो वसंतात केस गाळतो. ते गोळा करायचे, विंचरायचे, वरचे जाड केस काढून आतली साधारण १६ ते २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीची लव वेगळी करायची. खरी मेहनत तिथंच. ही लव ब्लीच नीट होत नाही, म्हणून शाल बहुधा मातकट-बदामीच मिळते. पांढरीशुभ्र दिसली तर दुकानदाराला दोनदा विचारा, आणि लेबलवर मेंढीची भेसळ किती तेही बघा.

अल्पाका मुख्यतः दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशातला, सहसा वर्षातून एकदा कातरतात. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत नैसर्गिक रंगच वीसेक. मेंढीच्या लोकरीसारखा तेलकटपणाही जवळपास नाही. खोड एकच: लवचिकपणा कमी, त्यामुळं स्वेटर टांगून ठेवला की लोंबतो. घडी घालूनच ठेवायचा.

शालीसाठी मी उंटच घेईन. घरात सुया घेऊन बसणारी मावशी असेल तर तिला मात्र अल्पाकाची लड आणून द्या.