कोविडचे बळी: दाखल्यावरचे की जास्तीचे?

साथीतले मृत्यू मोजायचे दोन मार्ग. पहिला, मृत्यूच्या दाखल्यावर डॉक्टरने लिहिलेलं कारण: तपासणीत कोविड सिद्ध झाला तर आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला संकेतांक यू07.1, नुसता संशय असला तर यू07.2. पण बीड-परभणीकडच्या खेड्यात माणूस तपासणीविना घरीच वारला, तर ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत नाव चढतं, कोविड चढत नाही.

दुसरा मार्ग, एरवीपेक्षा किती माणसं जास्त गेली ते बघायचं. यात कारण कळत नाही, खाट न मिळालेला हृदयरोगीही त्यातच येतो, यायलाच हवा. जागतिक आरोग्य संघटनेने 2020-21 साठी भारताचा असा अंदाज सुमारे 47 लाख काढला. सरकारी आकडा पाच लाखांच्या आत होता, आणि सरकारने ही पद्धतच नाकारली.

साथीचा आवाका समजायला मी दुसराच मार्ग धरेन. पण घरच्यांना 50,000 रुपयांचं सानुग्रह अनुदान मिळालं ते त्या एका मृत्यूच्या कोविडच्या कागदपत्रांवर, जास्तीच्या आकड्यावर नव्हे.