कार्बन साठवणुकीच्या कायद्याचं सांगलीतलं प्रशिक्षण: जेवून दुपारीच जा

साडेतीन हजार रुपये भरून एक अख्खा रविवार या प्रशिक्षणाला दिला. विश्रामबागेतल्या एका हॉटेलचा हॉल, पस्तीस-चाळीस माणसं, बहुतेक आमच्यासारखी साखर कारखान्यांतली. संस्था बाहेरगावची; नाव मुद्दाम लिहीत नाही.

मी डिस्टिलरीत केमिस्ट आहे. फर्मेंटरमध्ये साखरेचं अल्कोहोल होताना जवळपास तेवढ्याच वजनाचा कार्बन डायऑक्साइड सुटतो. अल्कोहोलच्या लिटरमागे साधारण पाऊण किलो, म्हणजे रोज 60 हजार लिटरच्या प्लांटमधून 45 टन. चिमणीच्या धुरातून वेगळा काढत बसायला नको, जवळजवळ शुद्धच येतो. आमचा सगळा हवेत जातो. एमडींनी मला एकच प्रश्न देऊन पाठवलं होतं: हा हवेत न सोडता खोल जमिनीत साठवायचा, तर परवानगी कुणाची?

सकाळच्या तीन तासांत तेवढं सोडून बाकी सगळं मिळालं. पहिल्या वक्त्यांनी अशा साठवणुकीसाठीचा युरोपचा 2009 चा निर्देश कलमवार वाचून दाखवला, पडद्यावरची इंग्रजी अक्षरं मुंगीएवढी. अमेरिकेत वायू जमिनीत सोडायच्या विहिरींना ‘क्लास सिक्स’ म्हणतात आणि त्या पिण्याच्या पाण्याच्या कायद्याखाली येतात. वायू पुरायचा तर आधी भूजलाचं काय ते सांगा! इथं थांबून बोलायला हवं होतं, पण स्लाइड पुढे गेली.

तिथं परवानगीच्या अर्जासोबत त्या भागाचा भूकंपाचा इतिहास द्यावा लागतो, हेही ते वाचून मोकळे झाले. माझं माहेर पाटणचं. 11 डिसेंबर 1967 ची पहाट आमच्या घरात अजून सांगितली जाते. कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी गोठण्याला तीन किलोमीटर खोल भोक पाडलं, त्याची प्रयोगशाळा इथं शेजारी कऱ्हाडला आहे. आणि आम्हाला नकाशा दाखवला तो टेक्सासचा.

इलिनॉयमधल्या डिकेटरचं उदाहरण मात्र आमच्या कामाचं होतं. तिथंही इथेनॉलच्याच प्लांटचा वायू खोल वालुकाश्मात सोडतात. वक्त्यांनी ते यशोगाथा म्हणून सांगितलं. 2024 मध्ये तिथला वायू परवानगी नसलेल्या थरात शिरल्याचं उघड झालं आणि ईपीएनं, म्हणजे तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेनं, नोटीस काढली, हे मी हात वर करून विचारलं तेव्हा ‘वेळेअभावी’ राहिलं होतं म्हणे.

जेवण बरं. भरली वांगी तिखटजाळ, ताक पातळ.

दुपारी आलेले निवृत्त भूवैज्ञानिक लॅपटॉपविना बोलले. वाळव्याकडचे एक वयस्कर संचालक उठले, “साहेब, माझ्या रानाखाली ग्यास सोडला आन् इस वर्सानं हिरीचं पानी फसफसाय लागलं, तर म्या कुणाच्या दारात जायाचं?” सगळे हसले. भूवैज्ञानिक हसले नाहीत. म्हणाले, “काका, सगळा कायदा या एका प्रश्नासाठीच करतात.” मग फळ्यावर लिहीत गेले. युरोपात साठा बंद केल्यावर साधारणपणे किमान 20 वर्षं जबाबदारी कंपनीची. वायू जागेवर ठरला असं पटलं तरच ती सरकारकडे, आणि त्याआधी पुढच्या किमान 30 वर्षांच्या देखरेखीचे पैसे कंपनीनं मोजायचे. अमेरिकेत वायू सोडणं थांबल्यावर देखरेखीचा ठरीव काळ 50 वर्षं, तो कमी करून हवा तर पुरावा द्या.

“आन् आपल्याकडं?”

नीती आयोगाचा 2022 चा धोरण-आराखडा आहे, 2023 ची कार्बन क्रेडिट योजना आहे. पण भूगर्भात साठवलेल्या वायूची जबाबदारी कधी, कुणाकडून कुणाकडे जाते, हे ठरवणारा स्वतंत्र कायदा नाही. हाच वायू जमिनीवर टाकीत भरला, तर मात्र नागपूरच्या पेसोचा, म्हणजे स्फोटकं आणि दाबाखालच्या वायूंची सुरक्षा बघणाऱ्या केंद्राच्या संस्थेचा परवाना लागतो, दाबाच्या टाक्यांचे 2016 चे नियम लागू होतात. खाली दख्खनचा बेसाल्ट, म्हणजे आपला काळा खडक आहे, आइसलँडमध्ये त्याच जातीच्या खडकात वायूचा दोन वर्षांत दगड झाला, हेही त्यांनी सांगितलं. आणि आपला बेसाल्ट आधी तपासावा लागेल, हेही.

तो दीड तास साडेतीन हजारांचा होता. सकाळचं सत्र फुकट असतं तरी उठून गेले असते. पाचपैकी अडीच, तेही सगळे दुपारचे. फाइलमध्ये दिलेल्या छापील नोट्सही सकाळच्याच आहेत, त्यामुळे वही न्या.

सोमवारी एमडींना अर्धं पान लिहून दिलं. त्यांनी वाचून त्याच कागदाखाली शेरा मारला: वायूच्या बॉटलिंग प्लांटचं कोटेशन मागवा.