मिलानो कालिब्रो ९: जुनी डीव्हीडी घ्यावी की ब्लू-रे?

फर्नांदो दि लेओचा १९७२चा हा इटालियन गुन्हेपट कपाटात असावा असं वाटणाऱ्यांची अडचण बहुधा एकच असते. युरोपात निघालेली जुनी डीव्हीडी सेकंडहँड स्वस्तात मिळते आणि ब्लू-रेला बरेच जास्त पैसे पडतात. मी दोन्ही वापरल्या आहेत, आता एकच ठेवली आहे.

चित्राबद्दल फार बोलत नाही. ब्लू-रे सरस आहे, ते अपेक्षितच होतं. बार्बरा बूशेचा नाच चालू असताना तिच्या पोशाखावर डीव्हीडीत नुसती चमचम दिसते, ब्लू-रेवर मणी वेगवेगळे दिसतात. पण बत्तीस इंची टीव्हीवर, पलंगावर लोळत बघणार असाल तर एवढ्यासाठी खर्च करा असं मी म्हणणार नाही. रात्रीच्या प्रसंगांत फिल्मचा दाणा (चित्रावरची बारीक खरखर) ब्लू-रेवर जरा जास्तच जाणवतो, काहींना ते आवडतही नाही.

माझं बिनसलं ते आवाजावरून. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेम्सनी) चालतो. युरोपातल्या पाल या टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडीवर तो सरळ २५ने पळवतात. शंभर मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत संपतो, त्याचं काही वाटत नाही. पण मुद्दाम दुरुस्त केला नसेल, तर वेगाबरोबर सूरही चढतो. माझ्या डिस्कवर तो दुरुस्त केलेला नव्हता.

एरवी कदाचित लक्षातही आलं नसतं. पण या सिनेमाचा अर्धा जीव संगीतात आहे. लुईस बाकालोव्हचा ऑर्केस्ट्रा आणि नेपल्सचा ओझाना हा रॉक बँड, दोघांनी मिळून केलेलं काम. सुरुवातीला पैशांचं पुडकं मिलान शहरात या हातातून त्या हातात जातं, कोणी फारसं बोलत नाही, सगळा ताण संगीतच धरून ठेवतं. ते संगीत ध्वनिमुद्रिकेवरून आधीच कानात पक्कं बसलेलं, त्यामुळे डीव्हीडी लावली की काहीतरी खुपायचं. शेवटी पेटी काढली. ध्वनिमुद्रिकेची पट्टी सापडली. डीव्हीडीचा सूर मात्र ती पट्टी आणि पुढची पट्टी यांच्या मध्ये, पुढचीकडे झुकलेला. म्हणजे पेटीवर धड कुठेच लागेना! एकदा हे कळल्यावर मग नायक उगो पियात्साचा आवाजही पातळ वाटायला लागला. तीन वर्षं तुरुंगात काढून आलेला, तोलूनमापून बोलणारा माणूस. त्याला जरासुद्धा घाई शोभत नाही. (त्याचं काम करणारा गास्तोने मोस्किन म्हणजे पुढे 'गॉडफादर'च्या दुसऱ्या भागातला डॉन फानुच्ची.)

ब्लू-रेवर २४ चौकटी २४च राहतात, सूर जागेवर येतो. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. घरातल्या इतरांना दोन्ही ऐकवलं, त्यांना फरक कळला नाही, हेही सांगायला हवं. गाण्याचा कान नसेल किंवा हे संगीत आधी ऐकलंच नसेल, तर डीव्हीडी तुम्हाला खटकणार नाही कदाचित. अमेरिकेतल्या एनटीएससी (तिकडची टीव्ही-पद्धत) डीव्हीडीत सूर बरोबर असतो, पण कॅमेरा आडवा फिरला की चित्र अडखळतं. मला ते चाललं असतं, सगळ्यांना चालेलच असं नाही.

आवाजाचा ट्रॅक कुठल्याही भाषेचा असो, ओठ जुळतील ही अपेक्षा ठेवू नका. त्या काळी इटलीत आवाज नंतर भरायचे, त्यात यातल्या नटांपैकी मारिओ अडोर्फ जर्मन आणि लायोनेल स्टँडर अमेरिकन. इटालियन ट्रॅक लावा, खाली इंग्रजी सबटायटल्स.

मागवण्याआधी प्लेअर मात्र तपासा. डिस्कसाठी जगाचे विभाग पाडलेले आहेत, आणि एका विभागासाठीची डिस्क दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर बहुधा चालत नाही. आपला देश ब्लू-रेच्या सी विभागात येतो, अमेरिका ए, ब्रिटन बी. डीव्हीडीत आपण पाचव्या विभागात, युरोप दुसऱ्यात. सर्व विभागांचा प्लेअर नसेल तर ब्लू-रेचा खरा खर्च डिस्कच्या किमतीवर थांबत नाही, आणि माझ्या मते डीव्हीडीच्या बाजूचा हाच एक भक्कम मुद्दा आहे. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये डीव्हीडीचा विभाग चार-पाच वेळा बदलता येतो, तेवढ्यावर भागत असेल तर भागवा.

सुटी डिस्क की संच, हा पुढचा प्रश्न. सुटी ब्लू-रे ॲरो व्हिडिओ या कंपनीची आहे, तर रारोव्हिडिओ या दुसऱ्या कंपनीच्या संचात दि लेओचे चार सिनेमे एकत्र मिळतात. त्याच वर्षीचा 'ला माला ओर्दिना' आणि १९७३चा 'इल बॉस' हे या सिनेमाचे जोडीदार त्यात आहेत. मी सुटी घेतली, कारण मी पुन्हा पुन्हा बघतो तो हाच. पण 'इल बॉस'लाही संगीत बाकालोव्हचंच आहे, त्यामुळे तुमचा हात संचाकडे वळला तर मी अडवणार नाही. फक्त संच डीव्हीडीतही निघाला आहे आणि ब्लू-रेतही, तेव्हा पैसे भरण्याआधी डबीवर काय लिहिलंय ते वाचा.