सॅल्मनच्या ‘तयार किट’पायी माझे 495 डॉलर गेले

340 डॉलर सॅल्मन पकडायच्या किटचे, 90 आमिषाचे आणि नंतर ‘बदली पार्सल’च्या नावाखाली आणखी 65. एकूण 495. आकडा लिहितानाही लाज वाटते, पण ब्रिटिश कोलंबियात ऑगस्ट जवळ आला की असे विक्रेते हमखास उगवतात, म्हणून लिहितोय.

फ्लॅशर (माशाला खुणावणारी, पाण्यात गरगरणारी चकचकीत पट्टी), हूची आणि स्पून ही खोटी आमिषं, सगळं बांधून तयार, वर आमिषाला मिठात मुरवलेली हेरिंग, म्हणजे छोटे मासे. पैसे आधी, ई-ट्रान्सफरने. पार्सल आलं, पण त्यातलं काहीच धड नव्हतं.

संताप होतो तो जाहिरातीतल्या एका फोटोचा. हूची आणि स्पून, दोन्ही फ्लॅशरमागे सारख्याच सहा फुटी लीडरवर, म्हणजे फ्लॅशर आणि आमिषामधल्या दोरीवर! स्पून स्वतः डुलतो, त्याला लांब लीडर चालतो. हूची म्हणजे रबरी माकूळ. तिला जीव येतो फ्लॅशरच्या हिसक्याने, आणि तो तिच्यापर्यंत पोचायला लीडर कडक नि आखूड लागतो, साधारण तीन फुटांचा. हे मला माहीत होतं. शिवाय गळांना उलटे काटे स्पष्ट दिसत होते, आणि इथे सॅल्मनला बिनकाट्याचाच गळ लागतो. विचारलं तर विक्रेता म्हणाला, “पक्कडीने दाबून टाका, सगळे तेच करतात.” मीही करतो, म्हणून गप्प बसलो. सात वर्षं चिनूक सॅल्मनच्या मागे आहे, नवखा नाही. पण सुट्टी चारच दिवसांची, घरी बांधत बसायला वेळ कुठला?

हेरिंग एकदा वितळून पुन्हा गोठवलेली निघाली: खवले गळालेले, पोट फुटलेलं. डोकं तिरकं कापून पाण्यात सोडली, तर गोल फिरायचं सोडून गळावरून सुटूनच गेली. स्पूनची कडी पहिल्याच ओढीला उघडली. मासा गेला.

बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत, पोलिसांकडे जा. पोलीस म्हणतात, आधी बँकेशी बोला. चाळीस मिनिटं फोन धरून बसलो, तर पुन्हा तेच उत्तर. शेवटी एक फाइल नंबर मिळाला. दोन आठवडे झाले, कुणाचा फोन नाही. जाहिरात जिथे होती त्यांच्याकडे तीनदा तक्रार केली, त्यांना त्यात काहीच गैर आढळलं नाही! पाचशेच्या आतली रक्कम म्हणजे चोरी नव्हे का?

आगाऊ पैसे देऊ नका. हेरिंगचे खवले आणि डोळे समोर बघून घ्या. कड्या ओढून बघा. लीडर स्वतः बांधा. आणि “बदली पाठवतो, फक्त कुरिअरचे द्या” म्हणाला की तिथेच थांबा. मी थांबलो नाही.

त्याची जाहिरात अजून आहे. फोटोही तोच, सहा फुटी लीडरचा.