डेझीचं सासर: पोलंडमधला क्शोंझ किल्ला, आईसोबत

क्शोंझला मी दुसऱ्यांदा गेले. पहिल्या वेळी एका टूर कंपनीने दीड तासात आत-बाहेर केलं होतं, हाती काही लागलं नव्हतं. या मे महिन्यात आई नाशिकहून आली, तेव्हा तिला घेऊन व्रोत्सवाफहून सकाळची ट्रेन धरली आणि अख्खा दिवस तिथे काढला. तेवढा लागतोच.

हे डेझीचं सासर. वेल्समधल्या रुथिन कॅसलची ही लेक, मेरी थेरेसा कॉर्नवॉलिस-वेस्ट, 1891 मध्ये अठराव्या वर्षी प्लेसच्या जर्मन राजघराण्यात सून म्हणून आली. किल्ल्याचं नाव तेव्हा फ्युर्स्टेनश्टाइन. मॅक्सिमिलियन दालनाचा झगमगाट बघून घ्या, पण वेळ राखून ठेवा तो जुन्या फोटोंसाठी. किल्ल्याचा फ्रेंच मुख्य आचारी लुई आर्दुएं याला कॅमेऱ्याचा नाद होता. घरची मंडळी, नोकरचाकर, मुदपाकखाना, सगळं त्याने टिपलंय. स्वयंपाकघरातल्या माणसांच्या चेहऱ्यांपुढे मी किती वेळ उभी होते कोण जाणे.

डेझीने या भागातल्या गरीब मुलींसाठी लेस विणायच्या शाळा काढल्या, घाण झालेली पेउचनित्सा नदी साफ व्हावी म्हणून खटपट केली. आईचा हात जन्मभर क्रोशावर चाललेला. लेसचं ऐकून ती म्हणाली, "पोरींच्या हाताला काम दिलं, केवढं मोठं केलं गं तिने."

डेझीच्या लांबलचक मोत्यांच्या माळेला शाप होता, ही गोष्ट सगळे रंगवून सांगतात. मला तिचं खरं आयुष्यच जास्त लागलं. पहिल्या महायुद्धात नर्स होऊन जखमींची सेवा केली, तरी इंग्रज म्हणून जर्मनीत तिच्यावर संशय. मग घटस्फोट, आजारपण, चाकांची खुर्ची. किल्ला नाझींनी घेतला. 1943 मध्ये, सत्तरी पूर्ण झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ती जवळच्या वाउब्झिख शहरात वारली.

पाम हाउस, म्हणजे उष्ण प्रदेशातल्या झाडांसाठीचं काचघर, मुळीच चुकवू नका. किल्ल्यापासून थोडं लांब आहे, म्हणून बरेच जण टाळतात. नवऱ्याने 1908 ते 1914 या काळात ते डेझीसाठी बांधलं. आतल्या भिंतींना सिसिलीच्या एटना ज्वालामुखीचा लाव्हा आणून लावलाय, काळा, भोकाभोकांचा. बाहेर स्वेटर लागत होता, आत शिरताच चष्म्यावर वाफ. आणि समोर केळी! आईने एक पान दोन बोटांत धरून पाहिलं आणि घरी फोन लावला.

परतताना उद्यानातल्या समाधीपाशी थांबलो. डेझीला तिथेच ठेवलं होतं. युद्ध संपताना शवपेटी विटंबनेच्या भीतीने हलवली, आता ती कुठे आहे कुणालाच माहीत नाही. वाटेवर ऱ्होडोडेंड्रॉन फुललेले होते. आईने खाली पडलेलं एक फूल उचललं, पायरीवर ठेवलं.

जाल तर मे महिन्यातच जा. चांगले बूट घाला, चढ-उतार बराच आहे.