आजारी मूल: शाळेत पाठवावं की घरी ठेवावं?

शाळा सुरू झाली, पाऊस लागला की घरोघरी नाकं वाहू लागतात. प्रत्येक शिंकेला घरी ठेवलं तर अख्खा जुलै बुडेल. सकाळी दोनच गोष्टी बघाव्यात: पोराला वर्गात दिवसभर बसवेल का, आणि शेजारच्या बाकावरच्याला त्याचं दुखणं लागेल का.

नुसती सर्दी असेल, नाश्ता नीट केला असेल, खेळत असेल, तर रुमाल देऊन खुशाल पाठवा. खोकला पुढे आठवडा-दोन आठवडे रेंगाळतो. तो पुरता थांबायची वाट बघू नका. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर मात्र घरी, आणि औषध न देता पूर्ण २४ तास ताप आला नाही की मगच शाळा. सकाळी पॅरासिटामॉल पाजून रिक्षात बसवणं मला अजिबात पटत नाही. औषधाचा असर चार-सहा तास टिकतो. दुपारी पोर पुन्हा फणफणतं, आणि तोवर मधल्या सुट्टीत सगळ्यांनी एकमेकांच्या डब्यात हात घातलेले असतात.

उलट्या-जुलाब असतील तर ते थांबल्यावर किमान २४ तास घरी. ४८ जमले तर उत्तम. व्हॅन लागून झालेली एखादी उलटी यात धरू नका.

अंगावरच्या फोडांत गल्लत फार होते. कांजिण्यांचे फोड बहुधा छाती-पाठीपासून सुरू होऊन अंगभर पसरतात. सगळ्यांवर खपली धरेपर्यंत शाळा नाही. साधारण आठवडा जातो. पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच त्या पसरतात, म्हणून वर्गशिक्षिकेला लगेच कळवा. वर्गावरच्या बाई गरोदर असतील तर त्यांच्यासाठी ही बातमी महत्त्वाची आहे. हँड-फूट-माउथचे फोड मुख्यतः तळहात, तळपाय आणि तोंडात येतात. ताप गेला, तोंडातून लाळ गळणं थांबलं, फोड सुकले की पाठवायला हरकत नाही. त्याचा विषाणू विष्ठेतून काही आठवडे बाहेर पडत राहतो. तितके दिवस कोणी घरी ठेवत नाही, पण संडासानंतर साबणाने हात धुण्याची सवय पक्की करा.

डेंग्यूचं गणित वेगळं. तो बाकावरच्या मित्राला थेट लागत नाही, डासामार्फतच पसरतो. तरीही मूल घरीच हवं. यात ताप बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान उतरतो आणि खरा धोका त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत असतो. म्हणून वरचा २४ तासांचा नियम इथे लावू नका. शाळा कधी, हे डॉक्टरांना ठरवू द्या. पोटात जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त येणं, मूल गळून जाणं, यातलं काहीही दिसलं तर तडक रुग्णालय गाठा. आणि डेंग्यूची शंका असेपर्यंत तापाला आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन देऊ नका.

घरी ठेवायचं तर रजा कोणाची, हे आदल्या रात्रीच ठरवा. तापलेलं पोर मधुमेही आजीच्या कुशीत सोपवून दोघांनी ऑफिस गाठलं, तर वर्ग वाचतो पण आजीला ताप येतो. घटक चाचणी बुडाली तर पुन्हा घेण्याबद्दल बाईंशी बोलता येतं. शंभर टक्के हजेरीचं बक्षीस तर पहिली-दुसरीच्या मुलांना शाळांनी देऊच नये.