होल की इंटिग्रिटी?

इंग्रजीतले होल (whole) आणि इंटिग्रिटी (integrity) हे दोन्ही शब्द अखंडपणाचे, पण कुळं निराळी. इंटिग्रिटी लॅटिन 'इंतेगेर'वरून: ज्याला हात लागलेला नाही असा. गणितातला इंटिजर (पूर्णांक) त्याच घरचा. गोव्यात जुन्या लोकांच्या तोंडी असलेल्या पोर्तुगीजमधला 'इंतैरु', म्हणजे अख्खा, तोही तिथलाच.

होल मात्र अस्सल इंग्रजी. जुन्या इंग्रजीत 'हाल' म्हणजे धडधाकट (आपले हाल नव्हेत!), हेल्थ, हील (बरं होणं), होली (पवित्र) ही त्याची भावंडं. स्पेलिंगमधला मुका डब्ल्यू १५व्या शतकात चिकटला. नुसतं ऐकलं तर भोकच वाटायचं.

म्हापशाच्या बाजारातला न फोडलेला नारळ होल. जुन्या गोव्यातली जांभ्याची भिंत कितपत टिकेल हे तपासताना इंजिनिअर इंटिग्रिटीच म्हणणार. सचोटीलाही तोच शब्द. मला होल जवळचा वाटतो. त्यात बरं होणं आहे.